गुल्हानेला न जमलेली नक्कल

शामराव गुल्हाने कळंबला बदलून आला, त्या आठवड्यापर्यंत गावात हसवणारा माणूस मी होतो. ही बढाई नाही. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या बारशालासुद्धा लोक म्हणत, "राजूरकर, एक होऊन जाऊ द्या," आणि मी थोडे आढेवेढे घेऊन उठत असे. दोन मांजरांचं भांडण, यवतमाळची छोटी आगगाडी सुटताना, जिनिंगचा पट्टा फिरताना, पहाटेचे तीन कोंबडे, त्यातला एक म्हातारा, आणि शेवटी सभेतलं पुढाऱ्याचं भाषण. एवढाच माझा संसार. लोक टाळ्या वाजवत. यालाच हसवणं म्हणतात, अशी माझी समजूत होती.

गुल्हाने वणीकडून आला. माझ्याच खात्यात, माझ्याच कामावर. आम्ही दोघे देवी टोचणारे. लोक आम्हाला 'देवी डॉक्टर' म्हणत, पण डॉक्टर आम्ही कसले! सायकलला लशीची पेटी बांधायची, गावोगाव हिंडायचं, स्पिरिटच्या बोळ्याने दंड पुसायचा, लशीचा थेंब ठेवायचा आणि त्यावर बारीक दात्यांची फिरकी दाबून फिरवायची. काम दोन मिनिटांचं. त्याआधी माणूस पकडण्यातच सगळा दिवस जाई. आम्ही गावाच्या शिवेवर दिसलो की बायका पोरांना कणगीमागे लपवत आणि बाप्ये शेताकडे चालू लागत. मी पाटलाला मध्ये घालत असे, दटावत असे, कायदा सांगत असे. तरी संध्याकाळी अर्धी लस परत यायची.

गुल्हाने दिसायला अगदी साधा. बुटका, सावळा, खाकी सदरा, काळी टोपी. सदऱ्याच्या खिशात फुटाणे. बोलता बोलता दोन बोटांनी एकेक काढून खायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. त्या बघण्याने माणूस अवघडायचा. मला तर वाटे, हा आपल्याला कपड्यासारखं मापतो आहे.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी आम्ही निंबाखाली टेबल मांडलं. लोक नेहमीप्रमाणे लांबून वळसा घालून जाऊ लागले. मी कायदा सांगायला तोंड उघडणार तोच गुल्हाने स्टुलावर चढला आणि कुणाशी काही न बोलता मिशीला पीळ भरू लागला. त्याला मिशी नव्हती. पण त्या क्षणी होती, आणि चांगली जाड होती. मिशीवाला गडी छाती काढून टेबलाकडे येतो, "टोचा, कितीक टोचता!" म्हणून बाही सारतो, सुई बघतो, आणि त्याला एकदम आठवतं की बैल बांधायचा राहिला. तो बैलाकडे जातो, परत येतो, पुन्हा बाही सारतो, आता त्याला म्हैस आठवते. म्हशीपर्यंत शंभर माणूस जमलं. गुल्हाने खाली उतरला आणि म्हणाला, "आता जे हासले त्याईनं या इकडे. हासल्यावर आंग ढिल्लं पडते, दुखत नाही बापा."

दुपारी लस संपली. माझ्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं, ते आजही पूर्ण थांबलेलं नाही.

परतताना मी विचारलं, "हा मिशीवाला कोण?"

"माहा मामा."

"मामांना ठाऊक आहे?"

"म्हंजे काय? त्याच्याच वट्ट्यावर पह्यले केलं. तो हासला, मंग बाहेर काढलं."

हा त्याचा नेम होता. ज्याची नक्कल करायची, त्याच्या घरी आधी जायचं. चहा झाल्यावर त्याच्याच समोर ती करायची. तो माणूस हसला तर ती बाजारात, गणपतीत, कुठेही. नाही हसला तर तिथेच 'बंद'. हा शब्द तो पेटीचं झाकण लावल्यासारखा म्हणे, आणि ती नक्कल पुन्हा कुणालाही, मित्रालासुद्धा, करून दाखवत नसे. "ज्याचं हाये त्याले इचारा लागते," एवढाच त्याचा खुलासा. मला हा शुद्ध वेडेपणा वाटे. नक्कल म्हणजे काय शेत आहे, की त्याला मालक असावा?

आमच्या शाळेचे हेडमास्तर मुळे दर भाषणात "थोडक्यात सांगायचं तर" असं म्हणून निघाल्यासारखा धोतराचा सोगा उचलत आणि पुढे अर्धा तास बोलत. गुल्हाने त्यांच्याकडे गेला. ही गोष्ट मुळ्यांनीच पुढे चारचौघांत सांगितली. बैठकीत तो उभा राहिला, सोगा उचलला, थोडक्यात सांगू लागला. आतून मुळेबाईंच्या हसण्याचा आवाज आला, पण गुल्हानेचं लक्ष मास्तरांकडे. मास्तर गंभीर. उठून आत गेले, पाणी प्यायले, बाहेर आले आणि म्हणाले, "गुल्हाने, मी सोगा डाव्या हातानं धरतो. उजव्या नव्हे." झालं, परवानगी मिळाली. त्या वर्षीच्या गॅदरिंगला मुळे मास्तर पहिल्या रांगेत बसून स्वतःला बघत होते आणि डोळे पुसत होते. त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. माझी मांजरं त्या दिवशी आधीच होऊन गेली होती. ती कुणाला आठवत नव्हती.

एका तांड्यावरची गोष्ट तर माझ्यासमोरच घडली. तांडा आम्हाला आत घेईना. नायक बाजेवर बसलेला. तो काहीच बोलत नसे. नुसता बघे, आणि समोरचा बोलून बोलून दमला की हातानेच 'जा' म्हणे. मी दमलो. मला 'जा' मिळालं. मग गुल्हानेने समोरचा एक दगड झाडून घेतला, त्यावर नायकासारखा बसला आणि गप्प राहिला. एक माणूस दुसऱ्याच्या गप्प राहण्याची नक्कल करतो आहे, आणि तीही ओळखू येते आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळा तांडा श्वास धरून उभा. मी सायकलचं तोंड हळूच रस्त्याकडे वळवून ठेवलं होतं. शेवटी गुल्हानेने हात हलवून 'जा' केलं, तेव्हा नायकाचे खांदे हलू लागले.

"फेर कर," नायक म्हणाला. "माह्या याडीले दाखव."

त्याची म्हातारी याडी आली. तिने लेकाला दगडावर बसलेला पाहिला आणि हसता हसता गुल्हानेच्या पाठीत धपाटा घातला. मग तिनेच पहिला हात पुढे केला. तिच्या हातात दंडापर्यंत बांगड्या, टोचायला जागा नाही. चार बायकांनी मिळून त्या वर सरकवल्या आणि टोचायला बोटभर कातडी मोकळी करून दिली.

गुल्हानेने नक्कल करणं हा गावात हळूहळू मान होऊन बसला. ज्याची झाली नाही तो आपला येता जाता त्याच्यासमोरून चालून दाखवी. पोस्टमास्तरांची झाली, देवळाच्या पुजाऱ्याची झाली, तलाठ्याची झाली. कापडवाल्या शेठजींची मात्र बंद झाली. मी म्हटलं, "अरे, शेठ तर हसले की! मी होतो तिथं."

"तोंड हासलं," गुल्हाने फुटाणा खात म्हणाला. "शेठ नाही हासला."

त्याला सगळ्या गावाचं दिसायचं आणि मी रोज त्याच्याबरोबर सायकल हाणत होतो, पण माझी नक्कल त्याने केली नाही. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मी विचारणार नव्हतो. पण आपल्यात नक्कल करण्याजोगंही काही नसावं, हा विचार फार लागतो.

आता सावंगीची गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायची नव्हती, पण ती वगळून गुल्हाने सांगता येत नाही.

कळंबहून तीन कोसांवरचं सावंगी हे गुल्हानेचं आजोळ. तिथे लहानूबुवा म्हणून एक म्हातारे होते. पूर्वी ते गावकीच्या कामावर. अंमलदाराची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, गावात आली की तिच्यापुढे पळायचं, रस्त्यातली माणसं, जनावरं हाकलायची, आणि पळता पळताच मागे वळून, वाकून, साहेब विचारील त्याला जोहार घालत उत्तर द्यायचं. गुल्हानेने लहानपणी हे पाहिलेलं. पुढे पळणं आणि मागे वाकणं एकाच वेळी कसं करायचं, ती त्याची वणीकडची सगळ्यांत गाजलेली नक्कल होती. तिची कीर्ती कळंबपर्यंत आली होती. लहानूबुवा तेव्हा स्वतः पाहून हसले होते, म्हणून ती चालू होती.

कळंबला येऊन दोन वर्षं झाली तरी गुल्हाने ती करेना. लोक मागे लागले तेव्हा म्हणाला, "पह्यले सावंगीले जाऊन येतो. मधात लय काही झालं."

मधात झालं होतं ते असं की छप्पनच्या दसऱ्याला लहानूबुवा घरच्यांना घेऊन नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर त्यांनी गावकीचं काम सोडलं. मुलगा सुखदेव मास्तर होऊ घातला होता. मी म्हटलं, "एकदा परवानगी मिळाली ती मिळाली." गुल्हाने म्हणाला, "ते दुसऱ्यानं देल्ली होती."

टोचणीच्या फेरीला आम्ही सावंगीला गेलो. अंगण सारवलेलं, ओट्याच्या वर भिंतीवर नवी तसबीर, लहानूबुवा पांढऱ्या सदऱ्यात. चहा झाला. गुल्हानेने टोपी काढून ठेवली आणि दमणीपुढे पळायला लागला. खरं सांगतो, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. अंगण होतं दहा पावलांचं, पण त्यात तो अर्धा कोस पळाला. मला हसू आवरेना. लहानूबुवाही सवयीने हसू लागले. हसता हसता त्यांची नजर दाराकडे गेली. तिथे सून हातात गडवा घेऊन उभी होती. ती नुसती सासऱ्याकडे बघत होती. बुवांचं हसू हळूहळू उतरलं.

"शामराव, तुमी लय चांगलं करता," ते म्हणाले. "अस्सल करता. पन तो मानूस मेला बापा. म्या त्याले नागपूरले ठेवून आलो. आता त्याले कायले उठवता?"

"बंद," गुल्हाने म्हणाला, आणि टोपी घातली.

वाटेत तो पुढे पुढे सायकल हाणत राहिला. मला राहवेना. म्हटलं, "एवढा हुकमाचा एक्का तू फेकून दिलास." तो म्हणाला, "माहा नव्हताच." मला वाटलं, हा माणूस मूर्ख तरी आहे किंवा त्याच्याकडे इतकं आहे की एवढं फेकलं तरी काही वाटत नाही. या दुसऱ्या विचाराने माझा तिळपापड झाला.

पुढच्या भाद्रपदात गणपतीतल्या कार्यक्रमाला गुल्हाने नव्हता. बहिणीकडे बारसं होतं. मंडळाने मला बोलावलं, म्हणजे तीन वर्षांनी आठवण झाली. दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. मी मांजरं काढली. पुढच्या रांगेतला एकजण जांभई देऊन शेजाऱ्याला म्हणाला, "गुल्हाने नाही काय जी?" मी छोटी गाडी सोडली. बायका उठून मुलांची झबली सारखी करू लागल्या.

तेव्हा मी ती नक्कल केली. ठरवून गेलो होतो असं नाही, आणि नव्हतो असंही सांगवत नाही. घरी दार लावून मी ती बसवली होती. एवढं पुरे.

मंडप कोसळला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. इतकं हसू मला आयुष्यात आधी मिळालं नव्हतं, नंतरही नाही. ते कसं अंगावर येतं हे ज्याला मिळालं त्यालाच कळेल. आणि त्या हसण्याच्या मागे, मंडपाच्या शेवटच्या खांबाशी, मला सुखदेव दिसला. सावंगीचे सहासात तरुण त्याच्याबरोबर होते. त्याने आरडाओरडा केला नाही. तो उठला, कुणाच्या तरी धक्क्याने पडलेली एक खुर्ची सरळ करून ठेवली आणि सगळे बाहेर गेले.

लोक ओरडत होते, "वन्समोअर!"

मी त्यांना जाताना पाहिलं होतं. तरी मी ती पुन्हा केली.

गुल्हाने परत आला तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलंच. तो मला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडायचं होतं. त्याने फक्त विचारलं, "ज्याचं हाये तो हासला का?"

"कोण? अख्खा मंडप हसला!"

"मंडप जाऊ दे. तो?"

मी सायकलवर टांग टाकली. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

हिवाळ्यात सावंगीच्या शेजारच्या गावात देवी निघाल्या. दोन लेकरं दगावली. दवाखान्यातून हुकूम आला की दोन दिवसांत सावंगीत घरटी टोचणी व्हायला हवी. गुल्हाने दुसऱ्या बाजूला फिरतीवर होता, म्हणून मी एकटा गेलो. गावठाण आटोपलं आणि लहानूबुवांच्या वस्तीकडे वळलो. सुखदेव वाटेतच उभा होता.

"टोचून घेऊ साहेब," तो म्हणाला. "लस काय असते हे मले समजते, मी मास्तर हाओ. पन तुमच्या हातानं नाही."

"अरे, वेळ कुठं आहे? लेकरांच्या जिवाशी..."

"जिवाचं आमाले समजते. तुमी जा."

मला उभं राहवेना आणि जाववेना. देवी निघालेलं गाव आणि सावंगी यांच्यामध्ये एक नाला फक्त. मी सायकल हाणत गुल्हानेला गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने पेटीचे पट्टे आवळले आणि म्हणाला, "चाल. तूही आला पाह्यजे."

"मी कशाला? तू टोच."

"टोचतो मी. तू दुसऱ्या कामाले चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. अंगणात तीसेक माणूस. लहानूबुवा बाजेवर. गुल्हानेने हात जोडले आणि म्हणाला, "बुवा, तुमच्या घरून बंद झालेली चीज यानं नेली अन कळंबले केली. तुमाले न इचारता. माह्या संगतीनं पाहिली होती, म्हनून माहाही गुन्हा हाये. ज्याची हाये त्याच्यापुढं आधी करा लागते. ते राह्यलं. आज हा करते."

मी गुल्हानेकडे पाहिलं. तो फुटाणेही खात नव्हता.

"करा न साहेब," लहानूबुवा अगदी साधेपणाने म्हणाले. "आमी बसलो हाओ."

मी टोपी काढली. तीच नक्कल, दोनदा केलेली, पाठ असलेली. मी पाऊल टाकलं, मागे वळलो आणि वाकलो. समोर तो म्हातारा बाजेवर ताठ बसलेला आणि मी त्याच्यापुढे वाकलेला. पुढचा शब्द जोहार. तो शब्द तोंडातून येईना. कळंबच्या मंडपात तो किती सहज आला होता! मी तसाच वाकून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"नाही जमत," मी म्हणालो.

"मंग कळंबले कसं जमलं?" लहानूबुवांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी माफी मागितली, ती पुटपुटल्यासारखीच झाली.

सुखदेवने बाही वर केली आणि गुल्हानेपुढे हात धरला. मग सगळे येत गेले. त्या दिवशी मी स्पिरिटचे बोळे भिजवून देण्याचं काम केलं. सुखदेवची आठ महिन्यांची लेक रडायचं ठरवून ओठ काढू लागली, तेव्हा गुल्हानेने तिच्यासमोरच तिची नक्कल केली. तिने बोळकं उघडून हसून घेतलं आणि सगळं अंगण हसलं. सूनही हसली, लहानूबुवाही. मला लाज वाटत होती, भरपूर वाटत होती. पण खोटं कशाला सांगू, त्या लाजेच्या शेजारी मत्सर बसलेलाच होता. याच अंगणात, याच माणसांना, हा हसवू शकतो. मी बोळा पिळत होतो आणि जळत होतो.

त्यानंतर महिन्याभराने एका रविवारी दुपारी गुल्हाने माझ्या घरी आला. चहा झाला, तरी उठेना. मग त्याने टोपी काढून खुंटीला लावली. इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती.

तो खुर्चीवर बसला. मी सभेत बसतो तसा. समोर कुणीतरी नक्कल करत आहे आणि मी ती पाहत आहे. आधी त्याचा जबडा डावीकडे सरकला. मग डोळे. ते नक्कल करणाऱ्याकडे नव्हते. शेजारी कोण हसतंय, मागे कोण हसतंय, पहिल्या रांगेतल्या बायका हसतायत का, असे कडेकडेने फिरत होते. मग त्याला हसू आलं, अगदी खरं, पोटातून आलेलं, आणि त्याने ते ओठांशी येता येता गिळलं. गिळताना गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. टोपी काढून वारा घेतला. शेवटी सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर बोटांच्या टोकांनी दोन टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघराच्या दारात आमची मंडळी उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला, तरी आवरेना. ती दाराला धरून खाली बसली. बारा वर्षांच्या संसारात मांजरांच्या भांडणाला ती इतकी कधी हसली नव्हती.

मला हसू आलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. पोटातून आलं होतं. आणि मी ते गिळलं. घाटी वर जाऊन खाली आली, ती मला जाणवलीसुद्धा.

गुल्हाने बघत होता. मग म्हणाला, "बंद."

"अहो भाऊजी, बंद काय! हुबेहूब होतं," मंडळी डोळे पुसत म्हणाली.

"वहिनी, तो हासला नाही," गुल्हाने म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

पाचसहा वर्षांनी त्याची पुन्हा वणीकडे बदली झाली. शाळेत निरोपाचा समारंभ झाला. सगळ्यांच्या नकला झाल्या. सोगा झाला, डाव्या हाताने. नायक तांड्यावरून मुद्दाम आला होता. लहानूबुवा नव्हते राहिले, पण सुखदेव मास्तर आला होता, आणि त्याचीही झाली, मुलांच्या वह्या तपासतानाची. तो खदखदा हसला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "राजूरकरची राह्यली!" सगळं सभागृह ओरडू लागलं, "राजूरकर! राजूरकर!"

गुल्हानेने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त मान हलवायची होती. एवढीशी. मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

"नाही बापा," गुल्हाने हात जोडून लोकांना म्हणाला. "लय करून पाह्यली. सगळ्याईची जमली, पन याची नाही जमली. हा मानूस आपल्या हाती लागत नाही."

लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. गावात अजून सांगतात की गुल्हाने सगळ्यांना पुरून उरला, पण राजूरकर त्याला पुरून उरला. मी ते कधी खोडलं नाही. त्याच्यासारख्या माणसाने भर सभेत आयुष्यातलं एकच खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी, आणि त्यावर मी इतकी वर्षं भाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीला गाव लोटलं होतं. मुळे मास्तर रुमाल काढून उभे होते. मी जरा लांब, पानठेल्याशी, हाताची घडी घालून. गाडी सुरू झाली. गुल्हाने खिडकीत होता. सगळ्यांना हात करता करता त्याची नजर माझ्यावर आली आणि त्याचा जबडा डावीकडे सरकला. बाकी कुणाला काही कळलं नाही. डोळे कडेकडेने फिरले, हसू ओठांशी आलं, गिळलं गेलं. खिडकीत बसून जणू मीच निघालो होतो. तो बघत होता, मी हसतो का.

मी हसलो नाही. गाडी देवळाकडच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दम धरला आणि मग हसलो. पानठेल्याच्या फळीला धरून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ठेलेवाला म्हणाला, "काय झालं जी राजूरकर, लोक रडून राह्यले अन तुमी हासून राह्यले?"

त्याला काय सांगणार? ज्याला सांगायचं तो पुढच्या गावी पोचला होता. पत्र टाकेन म्हटलं, ते राहूनच गेलं, आणि मग वणीहून तो गेल्याचीच बातमी आली.

आता नातवंडं आली की म्हणतात, आजोबा, नक्कल करून दाखवा. मांजरं करतो, गाडी करतो. त्यांची आजी म्हणते, "ती करा ना, तुमची, भाऊजींनी केली होती ती." घरात कुणी नसताना मी आरशासमोर बसून पाहतो. जबडा सरकवतो, डोळे फिरवतो, हसू गिळतो. रोजचा मीच आहे, तरी त्याच्याइतकी जमत नाही.